अवयवांची सामाईक वही

१७७६ साली व्हिएन्नात आंतोन फेल्केल या शाळामास्तराने अवयवांची कोष्टकं छापली. चार लाख आठ हजारांपर्यंतच्या संख्या, त्यांतून २, ३ आणि ५ ने निःशेष भाग जाणाऱ्या वगळलेल्या, आणि प्रत्येकीपुढे तिचे मूळ अवयव. खर्च शाही खजिन्याचा. विक्री मात्र अगदीच मामुली झाली. मग सरकारने उरलेल्या प्रती परत घेतल्या, आणि तुर्कांशी लढाई जुंपली तेव्हा त्यांच्या कागदाच्या काडतुसांसाठी पुंगळ्या वळल्या गेल्या. मोजक्या प्रती तेवढ्या वाचल्या.

पुढच्या शतकात प्रागच्या याकोब कुलिकने वीस वर्षं खपून दहा कोटींपर्यंत मजल मारली. त्याचं आठ खंडांचं हस्तलिखित मृत्यूनंतर व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे गेलं. त्यातला दुसरा खंड गहाळ आहे, आणि उरलेले तपासले तेव्हा त्यांत चुका निघाल्या. १९०९ मध्ये अमेरिकेत डेरिक नॉर्मन लेमरने एक कोटीपर्यंतचं कोष्टक छापलं. आधीच्यांशी ताडून पाहिलेलं असल्यामुळे ते विश्वासाचं ठरलं. (पाच वर्षांनी त्याने मूळ संख्यांची यादीही छापली, तिची सुरुवात १ पासून आहे. आजच्या पेपरात याचा एक मार्क जाईल.)

या तिघांची कोष्टकं आज कुणी उघडत नाही. हातातला फोन एक कोटीपर्यंतचं अख्खं कोष्टक पाहता पाहता नव्याने करून देतो. जे पुन्हा काढायला स्वस्त, ते जपण्यात हशील नाही. त्यामुळे अवयवांची नोंद ठेवायला बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न येतो तो कोणत्या संख्या ठेवायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या हा.

हे पुस्तक अशाच नोंदीविषयी आहे: जगभरच्या लोकांनी पाडलेले अवयव एका ठिकाणी गोळा करणारा, कुणालाही पाहता येणारा आणि कुणालाही भर घालता येणारा डेटाबेस. अवयव पाडण्याच्या पद्धतींवर पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत. प्रस्तावनेत मला बोलायचं आहे ते नोंद सांभाळण्याबद्दल. अवयव शोधणाऱ्याचं नाव होतं, वही सांभाळणाऱ्याचं क्वचितच होतं, हे एक कारण. दुसरं असं की या कामातलं सगळ्यात अवघड कलम कोणतं याबद्दल माझं एक ठाम मत आहे. त्याकडे येतोच, पण आधी थोडा इतिहास.

कोणत्या संख्या ठेवायच्या, याचं आजवर टिकलेलं उत्तर एका लष्करी इंजिनिअरने दिलं. अ‍ॅलन कनिंगहॅम १८४२ मध्ये दिल्लीत जन्मला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाया घालणारे अलेक्झांडर कनिंगहॅम हे त्याचे वडील. मुलगा बंगाल इंजिनिअर्समध्ये भरती झाला, १८७१ ते १८८१ रूडकीच्या थॉमसन कॉलेजात गणित शिकवत होता, आणि गंगा कालव्याच्या पाण्याचा वेग मोजण्याचे त्याचे प्रयोग जलशास्त्रात नावाजले गेले. १८९१ मध्ये त्याने फौज सोडली आणि उरलेलं आयुष्य मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यात घालवलं. १९२५ साली, वयाच्या त्र्याऐंशीच्या आसपास, एच. जे. वुडॉलबरोबर त्याचं छोटंसं पुस्तक निघालं. २, ३, ५, ६, ७, १०, ११ आणि १२ या आठ पायांचे घात घ्यायचे, त्यांत एक मिळवायचा किंवा त्यांतून एक वजा करायचा, आणि येणाऱ्या संख्येचे अवयव द्यायचे. ४, ८ आणि ९ यादीत नाहीत, कारण त्यांचे घात २ आणि ३ यांच्या घातांत आपसूकच येऊन जातात.

एवढ्या संख्यांतून नेमक्या याच का? एक उत्तर शाळेच्या वहीत आहे. १ ला ७ ने भागलं की ०.१४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. सहाच का, हे मात्र वर्गात सहसा कुणी सांगत नाही. ९, ९९, ९९९ असं पुढे जात राहिलं तर ७ ने भाग जाणारी पहिली संख्या ९९९९९९ येते, म्हणून सहा. ९९९९९९ म्हणजे १० चा सहावा घात उणे एक, आणि त्याचे अवयव ३ × ३ × ३ × ७ × ११ × १३ × ३७. यांपैकी ७ आणि १३ यांचंच आवर्तन सहा अंकी असतं. ३७ चं तीन अंकांत उरकतं, ११ चं दोन, ३ चं एका. दहाच्या घातांचं कोष्टक पुरं केलं की कोणत्या मूळ संख्येचं आवर्तन किती अंकी, याची यादी हातात येते.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर याच माळावर हिंडले होते. ११, १११, ११११ यांचे वर्ग १२१, १२३२१, १२३४३२१ असे येतात. या आणि यांच्या जातकुळीच्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटलं, ते जीआयपी रेल्वेवरच्या डेमलो, म्हणजे आपल्या डोंबिवलीच्या, ठाण्यावरून. या मालिकेतली सगळ्यांत देखणी संख्या नऊ एकांच्या वर्गाची: १२३४५६७८९८७६५४३२१. अशी सरळ चढत जाऊन सरळ उतरणारी संख्या पोटात काय बाळगून असेल? ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. हा ३३३६६७ कुठून आला ते कनिंगहॅमच्या दहाच्या कोष्टकात नवव्या ओळीला कळतं.

या जातीच्या संख्या निवडण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे: त्यांच्यात बीजगणिताचे चोरदरवाजे असतात. ते माहीत नसले तर काय होतं हे फ्रान्सच्या फॉर्च्युने लांद्रीला विचारावं. त्याने १८६९ मध्ये दोनाचा ५८वा घात अधिक एक, म्हणजे २८८२३०३७६१५१७११७४५, या संख्येचे अवयव पाडले: ५ × १०७३६७६२९ × ५३६९०३६८१. हाताने. दुसऱ्या कुठल्याच संख्येने आपल्याला इतकं राबवलं नाही, असं त्याने स्वतःच नमूद केलं आहे. दोनेक वर्षांत ऑरिफेय या दुसऱ्या फ्रेंच गणितीने त्यातली मेख दाखवली. दोनाच्या २९व्या घातात एक मिळवून वर्ग करा आणि त्यातून दोनाच्या १५व्या घाताचा वर्ग वजा करा. उरते ती नेमकी लांद्रीची संख्या. म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी, आणि तिचे अवयव नववीतला मुलगाही पाडतो: ५३६८३८१४५ आणि ५३६९०३६८१. पहिल्याच्या शेवटी ५ आहे, त्यामुळे तो लगेच फुटतो. लांद्रीचं सगळं कष्टाचं काम दोन ओळींत संपलं. आजच्या कोष्टकांत अशा जोडअवयवांसाठी वेगळे रकाने राखलेले असतात, आणि नवी संख्या आली की आधी हे दरवाजे ठोठावून पाहायचे हा नियमच आहे. जो डेटाबेस संख्येला नुसती अंकांची माळ समजतो आणि ती कोणत्या सूत्रातून आली हे विसरतो, तो आपल्या वापरकर्त्यांना लांद्रीच्या वाटेने पाठवतो.

कनिंगहॅम १९२८ मध्ये गेला. पुस्तकातल्या मोकळ्या जागा भरण्याचं काम थांबलं नाही. लेमरचा मुलगा डेरिक हेन्री लेमर आणि इतर अनेकजण दुरुस्त्या आणि भर गोळा करत राहिले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने १९८३ मध्ये पाच लेखकांच्या नावे नवी कोष्टकं छापली, १९८८ मध्ये दुसरी आवृत्ती काढली, आणि २००२ ची तिसरी आवृत्ती कागदावर छापलीच नाही. ती थेट इंटरनेटवर ठेवली. ते शहाणपणाचंच झालं, कारण अशी कोष्टकं छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत शिळी होतात. या पाचांपैकी सॅम्युएल वॅगस्टाफ यांनी पर्ड्यू विद्यापीठातून पुढे कोष्टकांचा कारभार सांभाळला. ‘सगळ्यात हव्या असलेल्या’ दहा संख्यांची यादी ही या कारभारातली मला फार आवडलेली युक्ती. पोलिसांच्या फरारी यादीसारखं नाव देऊन त्यांनी लोकांना चेव आणला. यादीत नाव असलेली संख्या फोडणं मानाचं झालं, आणि जगातली चांगली यंत्रं हव्या त्या जागी लागली. फर्माची नववी संख्या, म्हणजे दोनाचा ५१२वा घात अधिक एक, १५५ अंकी. तिचा २४२४८३३ हा अवयव १९०३ पासून माहीत होता, उरलेला १४८ अंकी तुकडा १९९० मध्ये फुटला. त्यासाठी जगभरातल्या शेकडो संगणकांवर गणितं चालली आणि उत्तरं ई-मेलने गोळा झाली. सामाईक नोंदीपाठोपाठ सामाईक श्रम आले ते असे.

कनिंगहॅमच्या कोष्टकांना दारावर राखणदार आहे: कोणत्या संख्या घ्यायच्या ते ठरलेलं, आणि आलेली भर एक माणूस पाहून मगच चढवतो. पुढची पायरी म्हणजे फॅक्टरडीबीसारखा खुला डेटाबेस. तिथे कोणीही कोणतीही संख्या टाकावी, सूत्राने टाकावी नाहीतर अंकांनी, आणि अवयव सापडला तर कळवावा. २^५८+१ टाका, ४^२९+१ टाका, नाहीतर वर दिलेले अठरा अंक टाका. तिन्ही वाटा एकाच नोंदीपाशी यायला हव्यात. लहान संख्यांच्या बाबतीत हे सोपं आहे. जिचे अंक लिहायलाच कित्येक पानं लागतील अशी संख्या नुसत्या सूत्राने ओळखायची म्हटलं की गाठ सुटता सुटत नाही, कारण दोन अगदी वेगळी दिसणारी सूत्रं एकाच संख्येची आहेत की नाहीत हे दरवेळी चटकन कळत नाही.

कोणाही अनोळखी माणसाला लिहू द्यायचं, हे ऐकून कुठल्याही कारकुनाच्या पोटात गोळा येईल. इथे ते परवडतं. का, ते विल्यम जेव्हन्सच्या एका फुशारकीवरून चांगलं कळतं. १८७४ च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने विचारलं की कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ८६१६४६०७९९ येतो हे वाचकाला सांगता येईल का; आणि आपल्याखेरीज ते कुणाला कधी कळेल असं वाटत नाही, अशी पुस्तीही जोडली. तीसेक वर्षांत थोरल्या लेमरने उत्तर काढलं: ८९६८१ आणि ९६०७९. शोधायला तेव्हा कष्ट पडले असतील. खरं की खोटं हे पाहायला मात्र एक गुणाकार पुरतो, तो वाचकाने आत्ता मार्जिनमध्ये करून पाहावा. कळवणारा प्राध्यापक आहे, शाळकरी पोर आहे की लबाड आहे, याला काडीचं महत्त्व नाही. अवयव आपला पुरावा आपल्यासोबत घेऊन येतो. सामाईक नोंदींच्या दुनियेत इतकं सुख दुसऱ्या कुठल्या विषयाला लाभलं असेल असं मला वाटत नाही.

इतकं सुख असूनही नोंदीत शिक्के मारावे लागतात. पूर्ण फुटलेली संख्या. काही अवयव सापडलेत पण उरलेला तुकडा संयुक्त आहे अशी संख्या. संयुक्त आहे हे पक्कं, पण एकही अवयव माहीत नाही अशी. नक्की मूळ. संभाव्य मूळ. आणि जिच्याबद्दल काहीच ठाऊक नाही अशी. यातला तिसरा शिक्का नव्या माणसाला नेहमी चक्रावून टाकतो: अवयव माहीत नसताना संख्या संयुक्त आहे हे कसं कळलं? उत्तर फर्माने देऊन ठेवलं आहे. मूळ संख्या एका विशिष्ट भागाकारात नेहमी ठरावीक बाकी सोडते. ती बाकी आली नाही, तर संख्या मूळ नाही. कशी फुटते ते कळत नाही, फुटते एवढं कळतं.

उलट बाजू नाजूक आहे. ठरलेली बाकी आली म्हणून संख्या मूळच असेल असं नाही. ३४१ ही परीक्षा दोनाच्या पायाने पास होते, आणि ती तर ११ × ३१ आहे. म्हणून संभाव्य मूळ आणि नक्की मूळ हे दोन वेगळे शिक्के. संख्या मूळ आहे हे ठरवण्याची निःसंदिग्ध आणि तत्त्वतः झटपट रीत असते, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनी सिद्ध केलं. प्रत्यक्ष मोठ्या संख्यांसाठी मात्र दुसऱ्या रीती वापरतात. त्या शेवटी एक प्रमाणपत्र देतात, आणि ते डेटाबेसकडे पाठवलं की त्याचं यंत्र ते स्वतः पडताळून मगच शिक्का बदलतं. इथेही भरवसा माणसावर नाही, कागदावर आहे.

हा फरक किती महाग पडू शकतो ते २७६ या साध्या संख्येवरून पाहा. २७६ म्हणजे २ × २ × ३ × २३. तिला निःशेष भागणाऱ्या, तिच्याहून लहान सगळ्या संख्यांची बेरीज ३९६. ३९६ चं तेच केलं की ६९६. मग ११०४, मग १८७२. अशा साखळ्या कधी एकावर येऊन संपतात, कधी गोल फिरू लागतात. १३८ पासून निघालेली साखळी १७९९३१८९५३२२ इतकी वर चढून १७७ पायऱ्यांनी एकावर आली. २७६ ची साखळी दोन हजारांहून जास्त पायऱ्या चढून गेली तरी तिचं काय होणार हे कुणालाच माहीत नाही. प्रत्येक पायरीला आधीच्या संख्येचे सगळे अवयव लागतात. समजा, मधल्या एखाद्या पायरीवर संभाव्य मूळ मानलेला तुकडा खरोखर संयुक्त निघाला, तर बेरीज चुकली आणि त्यापुढची सगळी साखळी वाया गेली. असं होण्याची शक्यता नगण्य असते, तरी शिक्का खरा असलेला बरा. या साखळ्यांनी डेटाबेसचा मोठा भाग व्यापलेला आहे, आणि ते योग्यच वाटतं. एकाने सोडलेलं टोक दुसऱ्या देशातला कुणी उचलतो, आणि दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसतं.

कारभाराच्या बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. लोक कचरा टाकतात. यंत्राने भसाभस तयार केलेल्या संख्या, ज्यांत कुणालाच रस नाही, लाखोंनी येतात आणि जागा अडवतात. म्हणून तासाला किती प्रश्न विचारायचे याची मर्यादा घालावी लागते, आणि मर्यादा घातली की प्रामाणिक लोक कुरकुरतात. सर्व्हरचा खर्च कुणीतरी सोसतो. सगळा डोलारा एका माणसाच्या हौसेवर उभा असेल तर दुसरीकडे प्रत असावी हे सगळे बोलतात, ठेवतात थोडे. सायबर सुरक्षेच्या स्पर्धांतली मुलं कोड्यातली संख्या आधी डेटाबेसमध्ये टाकून पाहतात, कारण कुणीतरी आधी फोडली असेल तर फुकटात सुटते. कोडी घालणारेही आता तिथे आधी बघून घेतात. खऱ्या बँकांच्या गुप्तलेखनाच्या किल्ल्या यातून उघडत नाहीत. त्या दोन प्रचंड, यदृच्छेने निवडलेल्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर बेतलेल्या असतात, निदान असायला हव्यात. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्यांचा एकमेकींशी मसावि काढून पाहिला, तेव्हा हजारो किल्ल्यांची एक मूळ संख्या दुसऱ्या एखाद्या किल्लीतही निघाली. अवयव पाडण्याची गरजच पडली नाही.

आता ते अवघड कलम. अवयव सापडला की त्याचा पुरावा त्याच्यातच असतो, हे वर आलं. सापडला नाही, तर? एखाद्याने महिनाभर यंत्र चालवलं आणि हाती काही लागलं नाही, ही माहिती पुढच्या माणसाच्या फार कामाची असते. ती नसेल तर तो तीच जमीन पुन्हा खणणार. शेजाऱ्याने बोअर मारली आणि दोनशे फुटांवरही पाणी लागलं नाही असं तो सांगतो, तेव्हा आपण विश्वास ठेवतो कारण खड्डा डोळ्यांसमोर असतो. इथे खड्डाही दिसत नाही.

हिशेब बघा. मोठ्या संख्येतला मध्यम आकाराचा अवयव काढायला आज सगळ्यांत जास्त चालते ती ईसीएम, म्हणजे इलिप्टिक कर्व्ह पद्धत. हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात एक वक्र निवडायचा, त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत गणित करायचं, अवयव पडला तर पडला, नाहीतर दुसरा वक्र घ्यायचा. प्रत्येक वक्र म्हणजे नव्याने काढलेली चिठ्ठी. ३५ अंकी अवयवासाठी मर्यादा दहा लाख ठेवायची आणि ९०४ वक्र चालवायचे, असा प्रघात आहे. ४० अंकांसाठी मर्यादा तीस लाख, वक्र २३५०. ५० अंकांसाठी मर्यादा ४ कोटी ३० लाख, वक्र ७५५३. हे सगळं काटेकोर पार पाडलं, तरी त्या आकाराचा अवयव असूनही निसटून जाण्याची शक्यता शेकडा सदतीसच्या घरात राहते. म्हणजे ‘३५ अंकांपर्यंत शोधून झालं’ या वाक्याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. ‘असता तर बहुधा सापडला असता’ एवढाच होतो.

आणि हे वाक्यसुद्धा कुणाच्या तरी शब्दावर घ्यावं लागतं. एखाद्याने पाच हजार वक्र चालवल्याचं कळवलं आणि प्रत्यक्षात पन्नासच चालवले, तर ते उघडकीला आणायला पाच हजार पुन्हा चालवण्यावाचून गत्यंतर नाही. खोटं बोलायची गरजही नाही. यंत्रातली मेमरी खराब असली तरी वक्र चालतात, काही सापडत नाही, आणि नोंद मात्र मोठ्या दिमाखाने चढते. सापडलेल्या अवयवांच्या बाबतीत वाटेल त्याला दार उघडं ठेवणारी हीच वही, न सापडलेल्यांच्या बाबतीत माणसाची पत विचारू लागते. त्यामुळे बऱ्याच डेटाबेसमध्ये हा रकाना नसतोच, किंवा असला तरी कुणी मनावर घेत नाही. माझ्या मते सामाईक नोंदीतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि सगळ्यांत जास्त वीज तिच्यापायी वाया जाते.

मर्सेन मूळ संख्यांचा, म्हणजे दोनाचा घात उणे एक या रूपातल्या मूळ संख्यांचा, शोध घेणाऱ्या जीआयएमपीएस या १९९६ पासून चालणाऱ्या प्रकल्पाने या दुखण्यावर दोन उपाय केले. आधी प्रत्येक नकार दोनदा तपासायची रीत होती: दोन वेगळ्या यंत्रांनी एकच गणित करायचं आणि शेवटच्या बाकीचे ठरावीक अंक जुळतात का ते पाहायचं. श्रम दुप्पट. २०२० पासून तिथे परीक्षा घेतानाच पुरावा तयार होतो, आणि तो मूळ कामाच्या अगदी छोट्या अंशात पडताळता येतो. अमुक संख्या मूळ नाही, या नकाराला आता कागद मिळाला. पण तो प्रश्न वेगळा होता. संख्या मूळ आहे की नाही याची परीक्षा एक आणि ठरलेली असते. अवयव शोधणं म्हणजे हजारो स्वतंत्र चिठ्ठ्या, आणि प्रत्येक रिकाम्या चिठ्ठीला असा स्वस्त पुरावा जोडण्याची रीत रोजच्या वापरात अजून आलेली नाही.

दोनाचा १२७७वा घात उणे एक ही संख्या या सगळ्याचा नमुना आहे. ३८५ अंकी. संयुक्त आहे हे पक्कं, अवयव एकही माहीत नाही. मर्सेन संख्यांत अशी ही सगळ्यात लहान. तिच्याहून सोपी भावंडं फुटली: १०६१ व्या घाताची ३२० अंकी संख्या २०१२ मध्ये स्वयंसेवकांच्या यंत्रांची मोठी मदत घेऊन फुटली, आणि पाठोपाठ लोझानच्या संशोधकांनी १००० ते १२०० या टप्प्यातल्या घातांच्या सतरा संख्या एकाच झपाट्यात फोडल्या. १२७७ त्या पल्ल्याच्या बाहेर आहे, म्हणून तिच्यावर कित्येक वर्षं ईसीएमचे वक्र चालवले जातात. किती चालवले याचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेले आहेत. त्यांची बेरीज करायची तर आधी कोणते दोनदा मोजले गेले, कोणत्या मर्यादेचे होते आणि कोणत्या यंत्रावर चालले हे ठरवावं लागतं.

म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण अवयव कसे सापडतात यावर नाही. ते सापडले नाहीत याचा हिशेब कसा ठेवावा यावर आहे, आणि त्यात उदाहरणाला घेतलेली संख्या हीच १२७७ ची आहे. मसावि आणि दोन वर्गांची वजाबाकी येत असली की ते प्रकरण वाचता येईल.